सुईच्या खिडकीवर मिळणारं औषध

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. (दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता अक्षरं स्वच्छ दिसतात. चौकशी करणाऱ्या सगळ्यांचे आभार.) आजचा विषय मात्र जरा कडू आहे. आमच्या नात्यातल्या काही जणांना तो आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाचा, आणि मग भांडा.

सुई बदलून देणारी केंद्रं असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. माहीत झालं की पहिल्यांदा रागच येतो. गर्दची नशा शिरेतून टोचून घेणारा माणूस तिथे वापरलेली सुई आणून देतो आणि नवी, बंद पाकिटातली घेऊन जातो. पैसे पडत नाहीत. कोणी ओरडत नाही, नाव-गाव विचारून पोलिसांना कळवत नाही. आपल्या देशात हे काम एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमातून, स्वयंसेवी संस्थांच्या मार्फत चालतं.

मी हे घरात सांगितलं तेव्हा आमचे धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मग उद्या दारुड्यांना सरकारनं ग्लासही पुरवावेत का?"

मी म्हटलं, "उष्ट्या ग्लासातून यकृत कुजवणारा रोग पसरत असता, तर हो, जरूर पुरवावेत."

भाऊजी हसले, पण पटलं नाही. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना उद्देशून हा लेख आहे. मात्र सुई द्यावी की नाही, हा वाद मी फार घालणार नाही. तो जगात चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेला. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली पहिलं असं केंद्र निघालं, ते खुद्द नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकारानं. त्याच सुमारास एडिंबरा शहरात पोलिसांनी उलटा मार्ग धरला, सुया विकू द्यायच्या नाहीत आणि सापडतील तिथे जप्त करायच्या. लोकांनी नशा सोडली नाही, एकच सुई दहा जणांत फिरू लागली. १९८६ साली तिथल्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या अशा रुग्णांचं रक्त तपासलेलं प्रसिद्ध झालं, त्यात निम्म्यांना एचआयव्ही होता. आपल्याकडे मणिपूरनं हा धडा लवकर घेतला आणि १९९६ च्या आपल्या एड्स धोरणात सुई बदलून देण्याला जागा दिली. असो.

मला लिहायचं आहे ते त्या केंद्राच्या खिडकीबद्दल. माझं म्हणणं असं, की हिपॅटायटिस सीचं औषध त्याच खिडकीवर मिळालं पाहिजे. मोठ्या रुग्णालयात जा म्हणून चिठ्ठी देऊन भागत नाही. सुई बदलायला आलेल्या माणसाचं रक्त तिथेच तपासा, गोळी तिथेच द्या, आणि ती घ्यायच्या आधी नशा सोडायची अट घालू नका. शेवटच्या वाक्यावर आमचे निम्मे नातेवाईक उठून जातील. जरा बसा!

आधी त्या रोगाबद्दल. कावीळ म्हटलं की आपल्याला घाणेरडं पाणी, उघड्यावरचा उसाचा रस आठवतो. ही ती कावीळ नाही. हिचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. १९८९ साली तो ओळखता आला, आणि त्या कामाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल मिळालं. हिच्यावर लस अजून नाही. बहुतेकांना लागण झाल्याचं कळतसुद्धा नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. वीस-वीस वर्षं माणूस हिंडतो-फिरतो, आणि आत यकृत हळूहळू निबर होत जातं. काहींना पुढे सिरॉसिस, काहींना कॅन्सर. प्रयोगशाळेत असं दिसलंय, की वापरलेल्या सिरिंजच्या आत राहिलेल्या रक्तात हा विषाणू त्रेसष्ट दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. दोन महिने! म्हणजे गणपतीत टाकून दिलेली सुई दिवाळीतही कुणाला रोग देऊ शकते. ती उचलणाऱ्या सफाई कामगारालासुद्धा. वापरलेल्या सुया गोळा होऊन नीट नष्ट व्हाव्यात, यात तुमचाआमचाही स्वार्थ आहे, हे जाता जाता.

२०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सुईनं नशा करणाऱ्यांची संख्या देशभरात साडेआठ लाखांच्या आसपास धरली आहे. सर्वसाधारण लोकांत हिपॅटायटिस सी शंभरात एखाद्यालाही नसतो, या लोकांत तो कितीतरी पटींनी जास्त आढळतो. रोग जिथे दाटून बसलाय, औषध तिथे न्यायचं, की जिथे तो विरळ आहे तिथे वाट बघत बसायचं?

आता औषधाची गोष्ट. ती मला फार आवडते, कारण तिच्यात आपली मुंबई आहे.

पूर्वी या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत. दर आठवड्याला, सहा महिने किंवा वर्षभर. ताप, अंगदुखी, केस गळणं, मन पार खचून जाणं, आणि इतकं सोसून बरं होण्याची खात्री नाही. त्यातल्या सुधारित इंजेक्शनाला एका परदेशी कंपनीनं २००६ साली भारतात पेटंट मिळवलं. पेटंटचा नवा कायदा २००५ मध्ये आला, त्याखाली औषधाला मिळालेलं ते पहिलंच, असं म्हणतात. सहा महिन्यांच्या उपचाराचा खर्च चार लाखांच्या पुढे. या पेटंटला आव्हान कोणी दिलं असेल? मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टनं. ही संस्था नव्वदच्या दशकापासून रस्त्यावर राहणाऱ्या नशेकरी लोकांत काम करते, त्यांना सुया बदलून देते. आपली माणसं एचआयव्हीतून वाचतात आणि यकृतानं मरतात, हे रोज डोळ्यांसमोर दिसणारी माणसं ती. पेटंट कार्यालयानं त्यांची हरकत फेटाळली. ते अपिलात गेले. अशा संस्थेला हरकत घेण्याचा हक्क तरी आहे का, इथपासून वाद झाला. अपील मंडळानं हक्क आहे असं ठरवलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पेटंटच रद्द केलं. फूटपाथवरच्या माणसाला कोरी सुई देणारी संस्था एका बलाढ्य औषध कंपनीशी भांडते आणि जिंकते. मी अजून नोकरीत असते तर नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हा खटला शिकवला असता.

पुढे गोळ्याच आल्या. सोफोस्बुविर हे औषध २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालं तेव्हा तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर होती, आणि गोळ्या लागतात चौऱ्याऐंशी. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला. २०१५ च्या मार्चमध्ये एका भारतीय कंपनीनं अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना आणली, नंतर किमती आणखी खाली आल्या. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि तपासणी व औषध दोन्ही सरकारी रुग्णालयांत मोफत झालं. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या असतात, बस्स. शंभरातले पंचाण्णव बरे होतात. बरे म्हणजे पूर्ण बरे, विषाणू शरीरातून गेला. इतका चिवट रोग इतक्या सोप्या औषधानं जातो, अशी उदाहरणं वैद्यकात थोडीच असतील.

औषध आहे, फुकट आहे, गुणकारी आहे. तर मग घोडं कुठे अडलं?

ते कळायला मला माझ्या एका विद्यार्थ्याची हकिकत ऐकावी लागली. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, त्याच्या बहिणीला विचारून लिहिते आहे. गिरणगावातल्या ज्या शाळेत मी शिकवत होते तिथे हे दोघे भाऊ-बहीण होते. वडील गिरणीत. १९८२ च्या संपानंतर घराघरांची काय दशा झाली ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. त्याच काळात गल्लीत गर्द आलं. पोरं आधी पन्नीवर ओढायची, पुढे काही सुईवर गेली. हा त्यांतला. अक्षर सुंदर होतं त्याचं, फळ्यावर सुविचार लिहायला मी त्यालाच उभं करायची.

बहिणीनं त्याला एका मोठ्या रुग्णालयात तीनदा नेलं. पहिल्यांदा केस पेपरच्या रांगेत अकरा वाजले. तोवर त्याला टर्की चढली. गर्द मिळालं नाही की अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात कळा येतात, त्याला ही मंडळी टर्की म्हणतात. तो निघून गेला. दुसऱ्यांदा रक्त काढताना शीर सापडेना. इतकी वर्षं टोचून शिरा बसून गेलेल्या. दोन्ही हात, मग पाय. काढणारा वैतागून काहीतरी लागेलसं बोलला, हा उठून गेला. तिसऱ्यांदा डॉक्टरांपर्यंत पोचला. त्यांनी सांगितलं, "आधी सहा महिने नशा सोड, मग ये." डॉक्टर दुष्ट नव्हते. जुना नियमच तसा होता. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९९७ साली हीच शिफारस केली होती, आणि २००२ मध्ये ती बदललीसुद्धा. पण जुने नियम लोकांच्या डोक्यातून लवकर जात नाहीत, हे मास्तरकी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

याचा एक मित्र होता, आमच्याच शाळेतला, दोन वर्षं पुढे. त्यालाही हेच सांगितलं होतं. २०१६ साली रक्ताच्या उलट्या होऊन तो गेला. सहा महिने सोडायचं काही त्याला जमलं नाही.

माझा विद्यार्थी वाचला, तो सुया बदलून देणाऱ्या एका कार्यकर्त्यामुळे. हा कार्यकर्ता स्वतः पूर्वी नशेत होता. आठवड्यातून दोनदा पुलाखाली येऊन सुया द्यायचा, जखमेला मलमपट्टी करायचा, नावानं हाक मारायचा. चार वर्षांच्या ओळखीनंतर त्यानं एकदा म्हटलं, चल, तपासून घेऊ. त्याच्याबरोबर हा गेला. सख्ख्या बहिणीबरोबर गेल्यावर जे झालं नाही ते तेव्हा झालं, कारण कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाकडे जायचं आणि टर्की चढली तर काय करायचं, हे त्या माणसाला माहीत होतं. याच केंद्रातून पुढे त्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज मिळू लागली. तिनं टर्की येत नाही, सुई हळूहळू सुटते. ती गोळी तेव्हा कर्मचाऱ्यासमोरच घ्यायची असे. हिपॅटायटिसच्या गोळ्याही तो तिथेच, त्याच वेळी घेऊ लागला. चौऱ्याऐंशी दिवस झाले. तीन महिन्यांनी तपासलं, विषाणू नाही.

माझ्या मते सगळं मर्म या "त्याच वेळी" मध्ये आहे.

शाळेतल्या खिचडीची आठवण होते मला. आधी मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, पुढे शाळेतच शिजवलेली खिचडी आली. तेव्हाही लोक म्हणत, पोरं शिकायला येतात की खायला? खायला येत ना! पण आली की पाटीही हातात घेत. आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर जी पोरं गावच सोडून जात, त्यांच्यासाठी आपल्याकडे कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. पोरांनी आधी एका जागी राहावं, मग शिकवू, असं कोणी म्हटलं नाही. सुईच्या खिडकीचं तसंच आहे. तो सुईसाठी येतो. येऊ द्या. येतो आहे तोवर त्याच्याशी बोलता येतं.

हे मी नुसतं भावनेनं म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं शहर आहे. (माझी भाचेसून त्या देशात फार्मसिस्ट आहे, तिच्याकडून मला हे प्रथम कळलं. मग मी बसून वाचलं.) तिथल्या विद्यापीठातल्या आणि रुग्णालयातल्या लोकांनी गेल्या दशकात सुई बदलण्याच्या केंद्रातच हिपॅटायटिस सीचे उपचार सुरू केले. ज्यांची नशा चालू आहे अशांनाच घेतलं. शिरेतून रक्त काढण्याचा त्रास नको म्हणून बोट टोचून दोन-चार थेंब कागदावर घ्यायचे, ते वाळवून तपासणीला पाठवायचे. परिचारिका तिथेच भेटायची. नव्वदहून जास्त जणांवर उपचार झाले आणि पाचांतले चार बरे झाले. सुरुवातीला यात जुनी, त्रासाची इंजेक्शनंसुद्धा होती, हे लक्षात घ्या. ही माणसं औषध वेळेवर घेणार नाहीत, मध्येच सोडतील, असं जगभरचे डॉक्टर म्हणत होते. त्यांच्याजवळ जाऊन दिलं तर घेतात, असं निघालं.

स्कॉटलंडमध्ये मेथाडोन हे गर्दऐवजी द्यायचं औषध गल्लीतल्या औषधाच्या दुकानात, पुष्कळदा दुकानदारासमोर प्यायचं असतं. मग त्याच काउंटरवर हिपॅटायटिसची तपासणी आणि गोळीही देऊन पाहिली. रुग्णालयात पाठवण्यापेक्षा जास्त लोक तपासून घेऊ लागले, जास्त लोकांचे उपचार झाले. डंडी ज्या भागात येतं त्या टेसाइडनं जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं उद्दिष्ट दहाएक वर्षं आधी गाठलं. त्यात एक गंमत अशी, की एक जण बरा झाला की त्याच्यापासून पुढे ज्यांना रोग गेला असता तेही वाचतात.

आता आक्षेप. पहिला मोठा आहे, आणि मराठी माणसाकडून तोच येणार. मुक्तांगणचं काय? अनिल अवचट आणि सुनंदाताईंनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं पुण्यात ते उभं केलं, कितीजणांचे संसार सावरले. तिथे तर व्यसन सोडायलाच सांगतात. मला मुक्तांगणबद्दल अपार आदर आहे. अवचटांचं 'गर्द' वाचून मी आमच्या शाळेत पालकसभा घेतली होती. पण तिथल्या दारात जो उभा राहतो त्यानं सोडायचं मनात आणलेलं असतं, किंवा घरच्यांनी त्याला आणलेलं असतं. ज्यानं अजून मनात आणलं नाही आणि ज्याला घरच नाही, त्याचं काय करायचं? त्यानं मनात आणेपर्यंत त्याचं यकृत तरी शाबूत राहायला हवं ना! मेलेल्या माणसाला व्यसनमुक्त करता येत नाही. मला हे दोन मार्ग एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. पुष्कळदा सुईच्या खिडकीवरूनच माणूस पुढे व्यसनमुक्तीकडे जातो, कारण कुणीतरी त्याला माणूस म्हणून धरून ठेवलेलं असतं.

दुसरा आक्षेप भाऊजींचा: बरा झाला आणि पुन्हा टोचून घेऊन पुन्हा आजारी पडला, तर? पडतात काही जण. एकदा बरं झालं म्हणून पुन्हा होत नाही असा हा रोग नाही. पण म्हणूनच औषध आणि सुई एकाच ठिकाणी हवी. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात जिभेखालच्या गोळीसारख्या पर्यायी औषधानं नव्या लागणीचा धोका निम्म्यानं, आणि जोडीला सुया पुरेशा मिळाल्या तर जवळजवळ तीन-चतुर्थांशानं कमी होतो, असं दिसलं. आणि तरी पुन्हा झालाच, तर पुन्हा औषध द्यावं. मधुमेह असून आंब्याच्या दिवसांत साखर तीनशेवर नेणाऱ्या माणसाला (नाव घेत नाही, भाऊजी) आपण इन्शुलिन नाकारतो का?

तिसरा आक्षेप पैशांचा. त्यावर फार शब्द खर्च करत नाही. सिरॉसिसच्या एका रुग्णाला पोटात पाणी झालं की किती वेळा भरती करावं लागतं, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा, आणि तो खर्च बारा आठवड्यांच्या गोळ्यांशेजारी मांडून बघा.

आपल्याकडे सुई केंद्र सरकारच्या एका कार्यक्रमातून मिळते, हिपॅटायटिसची गोळी दुसऱ्या. रुग्णानं एका दारातून दुसऱ्या दारात जायचं, आणि मधल्या वाटेवर तो हरवतो. माझी मागणी मोठी नाही. जिथे ब्युप्रेनॉर्फिन रोज दिलं जातं तिथे हिपॅटायटिसच्या गोळ्यांचा डबाही असावा. बोटाच्या थेंबावर पहिली तपासणी तिथेच व्हावी. विषाणू आहे की नाही ही पक्की तपासणी लागते, तिचा नमुना केंद्रानं प्रयोगशाळेत पोचवावा, रुग्णाला पाठवू नये. आणि सुया देणाऱ्या त्या कार्यकर्त्यांना वेळच्या वेळी मानधन मिळावं. माझ्या विद्यार्थ्याला ज्यानं वाचवलं त्याचे पैसे महिनोन्महिने थकत असत, असं त्याची बहीण सांगत होती.

आपल्या घरातले आणि ओळखीतले बरेच जण जिल्हा रुग्णालयांत, पालिकेच्या दवाखान्यांत, आरोग्य खात्यात आहेत. तुमच्या जिल्ह्यात सुई बदलून देणारं केंद्र असेल तर एवढंच विचारून या: इथे हिपॅटायटिस सीची तपासणी होते का, आणि झाली तर गोळी इथेच मिळते की रुग्णाला दुसरीकडे पाठवतात? उत्तर काहीही मिळो, मला कळवा. भाऊजी, ठाण्याचं तुमच्याकडे.